लोअर डिव्हिजन

परवा संध्याकाळी बँकेतून घरी येत होतो, तर शेजारचे काका गडग्यापाशी उभे. चेहरा असा, की घरात कोणाचं तरी ऑपरेशन ठरलं असावं.

"आयकलंस काय? झील म्हणता, गोव्याक फुटबॉल खेळूक जातंय."

"मगे? बरा झाला की."

"बरा खयचा! क्लबान बोलावल्यान, म्हयन्याक पैशे पण देतत म्हणता. पण क्लब खालच्या डिव्हिजनातलो. वरच्या डिव्हिजनातलो आसतो तर गोष्ट येगळी. लोअर डिव्हिजनात खेळान कोणाचा पोट भरता? तूच सांग. तू बँकेत आसस."

"तू बँकेत आसस" हे आमच्या वाडीतल्या प्रत्येक वादाचं शेवटचं वाक्य. विजेचं बिल जास्त आलं, सोन्याचा भाव चढला, कोणाच्या पत्रिकेत मंगळ निघाला, की लोक माझ्याकडे वळतात, कारण मी बँकेत आहे. मी बी.कॉम. झालो तेव्हा ऑडिटिंगच्या पेपरात मला किती मार्क पडले होते हे सुदैवाने वाडीत कोणालाही ठाऊक नाही.

त्या वेळी मी "बघूया" म्हणून घरात आलो. वाद घालण्याचे चांगले मुद्दे मला नेहमी रात्री दोन वाजता सुचतात आणि तेव्हा समोरची पार्टी झोपलेली असते. त्यामुळे तो वाद मी इथे घालणार आहे. वाचकांपैकी ज्यांनी आपल्या मुलाला, भाच्याला किंवा शेजाऱ्याच्या मुलाला कधी ना कधी "त्यात काय ठेवलंय?" असं विचारलं असेल, त्यांनी आपल्याला काका समजावं. मी स्वतःलाही त्यांतच धरतो.

मला झोंबला तो "लोअर डिव्हिजन" हा शब्द. आमचे वडील केंद्र सरकारच्या एका कचेरीत एल.डी.सी. होते. एल.डी.सी. म्हणजे लोअर डिव्हिजन क्लार्क. आम्हा तीन भावंडांची पोटं, शाळेच्या फिया, आत्याच्या लग्नातला आहेर आणि घराची कौलं हे सगळं लोअर डिव्हिजनवर झालं. "अप्पर डिव्हिजनात असता तर गोष्ट वेगळी, लोअरमध्ये कारकुनी करून काय उपयोग, सोडा नोकरी" असं त्यांना कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. उलट मुलगी सांगून आली ती "सरकारी नोकरी आहे हो" म्हणूनच. म्हणजे डिव्हिजन लोअर असण्याला आपली हरकत नसते. पायांनी करायचं काम लोअर डिव्हिजनमध्ये असलं, की मात्र आपल्याला पोट आठवतं.

आता ज्या देशाने हा खेळ नियमांत बसवला, तिथली गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलचे चार विभाग आहेत आणि त्यांत मिळून ९२ क्लब. सगळ्यात वरचे वीस आपण टीव्हीवर बघतो. उरलेल्या ७२ क्लबांची नावं आपल्याकडे कोणी ऐकलेली नसतात, पण प्रत्येकाचं मैदान आहे, गाव आहे, आणि शनिवारी दुपारी तीन वाजता तिथे जाऊन पावसात उभं राहणारी माणसं आहेत. तळाला गेलेला खाली उतरतो, खालचा वर येतो. या ७२ क्लबांत शेकडो माणसं फुटबॉल खेळून पगार घेतात, घराचे हप्ते भरतात आणि पस्तिशीला गुडघे धरून निवृत्त होतात.

त्यांतलाच एक टोनी फोर्ड. ग्रिम्सबी नावाच्या बंदरात १९५९ साली जन्मला, १९७५ साली सोळाव्या वर्षी गावच्याच क्लबाकडून खेळला, आणि थांबला तो २००१ साली, बेचाळिसाव्या वर्षी. स्टोक, वेस्ट ब्रॉमविच, स्कंथॉर्प, मॅन्सफील्ड, रॉचडेल अशी एकाहून एक अप्रसिद्ध गावं पालथी घातली. लीगचे ९३१ सामने! गोलकीपर सोडले तर इंग्लंडच्या लीगमध्ये इतके सामने खेळलेला दुसरा माणूस नाही. सव्वीस वर्षांना भागून बघितलं (सवय आहे), तर वर्षाला सरासरी पस्तीसच्या वर पडतात. आमच्या शाखेत वर्षाला पस्तीस दिवस सलग वेळेवर येणारा माणूस मी पाहिलेला नाही. आरसाही त्यात धरला आहे. आणि ही सगळी कारकीर्द जवळजवळ खालच्या विभागांतच. २००० साली तिथल्या राणीने त्याला एम.बी.ई. किताब दिला. देताना "पण तुम्ही पहिल्या डिव्हिजनात का नाही खेळलात?" असं बाईंनी विचारलं नसावं.

हे ग्रिम्सबी आपल्या मालवणासारखंच मासळीवर जगलेलं गाव. तिथले प्रेक्षक सामन्याला जाताना हवा भरलेले प्लॅस्टिकचे हॅडॉक मासे घेऊन जातात आणि गोल झाला की ते हलवतात. आपल्याकडे कोणी सुरमई घेऊन मैदानात शिरला, तर सामना राहील बाजूला आणि भाव विचारायला गर्दी होईल. गंमत म्हणजे त्या क्लबाचं मैदान ग्रिम्सबीत नाहीच, शेजारच्या क्लीथॉर्प्स गावात आहे. म्हणजे मालवणचा क्लब आणि मैदान कट्ट्याला. पण लोक जातात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये चौथ्या विभागातल्या याच ग्रिम्सबीने लीग कपात खुद्द मँचेस्टर युनायटेडला पेनल्टींवर १२-११ असं घरी पाठवलं. पण तो मुद्दा मी पुढे करणार नाही. वरच्याला हरवलं म्हणून खालचा मोठा, असं म्हटलं की आपण पुन्हा काकांच्याच बाजूला जाऊन बसतो. ९३१ सामन्यांतले नऊशे तरी सामने असे असतील, की दुसऱ्या दिवशी गावाबाहेर कोणाला त्यांचा निकालही ठाऊक नव्हता. मी त्या नऊशे सामन्यांच्या बाजूने बोलतो आहे.

कोणी म्हणेल, ते साहेबाचं झालं, आपल्याकडे असं कुठे असतं? अहो, आपल्या जिल्ह्यातच असतं! दशावतार काय आहे? वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर या कंपन्या काय आहेत? जत्रांचा हंगाम सुरू झाला, की टेम्पोत पेटारे घालून आज या गावी, उद्या त्या गावी. रात्रभर उभं राहायचं, लिखित संहिता नाही, तालीम नाही, समोर येईल त्याला तोंडावर उत्तर द्यायचं. "रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा" ही म्हण आपण त्यांच्यावरूनच केली. पाऊस लागला, की राजा शेतात. इंग्लंडचा फुटबॉलवालाही कित्येक वर्षं असाच जगला. १९६१ च्या जानेवारीपर्यंत तिथे कायद्याने ठरवावा तसा कमाल पगार होता: हंगामात आठवड्याला २० पौंड, उन्हाळ्यात त्याहून कमी. इंग्लंडकडून ७६ सामने खेळलेला टॉम फिनी प्रेस्टन गावात नळदुरुस्तीचा धंदा करायचा. आता मला सांगा, दशावतारातल्या संकासुराला आपण कधी विचारलं का, "तू मुंबईला शिवाजी मंदिरात का नाही लागलास? तिथे नसशील तर नाचून काय उपयोग?" नाही विचारलं. खुर्ची पुढे ओढून पहाटेपर्यंत बसलो. मग त्याच माणसाच्या मुलाने बूट बांधले, की आपल्या तोंडात पोटाची भाषा कुठून येते?

पगाराचा विषय निघालाच आहे तर बदलीचंही सांगतो, कारण ते माझं क्षेत्र आहे. फुटबॉलमध्ये बदलीला पैसे मिळतात. १९०५ साली आल्फ कॉमन नावाच्या गड्यासाठी मिडल्सबरोने संडरलंडला एक हजार पौंड मोजले, तेव्हा इंग्लंडभर लोकांनी कपाळाला हात लावला. माझी आजवर पाच वेळा बदली झाली. एकाही शाखेने दुसऱ्या शाखेला माझ्यासाठी एक रुपया दिलेला नाही. मागच्या शाखेने दिला असता, पण तो मला न्यावा म्हणून. एक मात्र सारखं आहे. तिथेही १९६३ पर्यंत करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी दाबून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला तेव्हा ती पकड ढिली झाली. म्हणजे ही माणसं काही राजे नव्हती. आपल्यासारखीच अर्ज-विनंत्यांत अडकलेली होती.

आता आपला माणूस घ्या. १९९९ साली बायचुंग भुतिया बरी नावाच्या क्लबात गेला. इंग्लिश क्लबाशी करार करणारा पहिला भारतीय. बरी तेव्हा तिसऱ्या पायरीवर होता. त्या पायरीचं नाव होतं "सेकंड डिव्हिजन", आणि २००४ साली तिचंच नाव "लीग वन" झालं! कोणीही वर न चढता तिसऱ्याचा पहिला झाला. आम्हा बँक कारकुनांना हे लगेच समजतं. आमचंही अलीकडे "कस्टमर सर्व्हिस असोसिएट" झालं आहे, काउंटर तोच, खुर्चीही तीच. तर भुतिया तिथे तीन हंगाम होता, ३७ सामने खेळला, तीन गोल केले. आपल्याकडे प्रतिक्रिया काय? "तीनच?" आमच्या घरीदेखील मी हेच म्हणालो होतो, खोटं कशाला सांगू. पेपरात स्कोअर बघायचा आणि हळहळायचं. एक मुलगा सिक्कीमच्या डोंगरातून उठून लँकेशायरच्या चिखलात रोज सकाळी प्रॅक्टिसला जातो, तिथल्या आडदांड बॅकशी टक्कर घेतो, आणि आपण इथे वरणभात कालवत त्याच्या गोलांची आणेवारी काढतो. दहा वर्षांनी सुनील छेत्रीला क्वीन्स पार्क रेंजर्सने करार देऊ केला, तर भारताचा जागतिक क्रमांक पहिल्या सत्तरांत नाही म्हणून परवानाच मिळाला नाही. म्हणजे ज्या दाराला आपण "खालचं" म्हणून नाक मुरडत होतो, ते दारही आपल्याला बंदच होतं.

त्या बरी क्लबाचं पुढे काय झालं ते ऐका. १८८५ चा क्लब, दोनदा एफ.ए. कप जिंकलेला, कर्जात बुडाला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगमधून काढून टाकला गेला. त्याच्या आदल्या दिवसांत, विक्री होईल या आशेवर, शेकडो गावकरी झाडू-बादल्या घेऊन मैदान साफ करायला आले. क्लबाच्या एका माजी संचालिकेने तर स्वतःला स्टेडियमच्या पावसाळी पाइपाला जखडून घेतलं. एका खालच्या विभागातल्या क्लबासाठी!

आता आपला जमाखर्च. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ पासून चालला होता. नव्या शतकाच्या तोंडावर तो बंद पडला. टाटा, मफतलाल, ऑर्के, एअर इंडिया, रेल्वे असे कंपन्यांचे आणि कचेऱ्यांचे संघ कूपरेजवर खेळायचे. त्यांतले बरेच एकेक करून मावळले. २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. आपल्या शेजारी गोव्यात धेंपो पाच वेळा आणि साळगावकर दोन वेळा देशाचे विजेते. आय.एस.एल. ही लीग २०१४ साली आली ती चढउताराची शिडी न ठेवताच. आणि जुनी लीग तिच्याखाली जाणार असं दिसल्यावर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी २०१६ साली निषेध म्हणून राष्ट्रीय लीगमधूनच माघार घेतली. धेंपो पुढे परत आला, खालच्या दाराने. पण २०१६ साली बांद्यापासून मडगाव काही परदेशात नव्हतं. आपल्यापैकी कोणी पाइपाला बांधून घेतलं? पाइप सोडा, पेपरात ती बातमी क्रिकेटच्या खाली होती आणि आपण पान उलटलं. मीही उलटलं.

अपवाद एकच, कोल्हापूर. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, फुलेवाडी असे पेठांचे नि तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले, की गाव दुभंगतं. तिथल्या अनिकेत जाधवने २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला आणि २०१९ साली ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे तो काही महिने सरावाला गेला. आणि हा ब्लॅकबर्न कोणाचा? २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज कोंबडीवाल्यांचा! एकेकाळचा इंग्लंडचा विजेता क्लब, २०१२ साली पहिल्या विभागातून घसरला. त्या दिवशी चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात क्लबाचं निशाण गुंडाळलेली जिवंत कोंबडी सोडली. २०१७ साली तो तिसऱ्या पायरीवर आला. तरी त्या हंगामात दर सामन्याला दहा हजारांवर माणूस येतच होता. शिव्या देत होता, पण तिकीट काढून देत होता. शिव्या देण्याआधी तिकीट काढायचं असतं, ही एवढी साधी गोष्ट आपल्याला कोणी शिकवली नाही.

माझ्या पहिल्या शाखेत, मुंबईला, एक सहकारी स्पोर्ट्स कोट्यातून लागलेले होते. राइट बॅक. मी लागलो तेव्हा त्यांचं खेळणं संपून बरीच वर्षं झाली होती, पण शाखेत त्यांचं नाव "हाफ डे" असंच होतं, कारण पूर्वी ते दुपारी प्रॅक्टिसला जात. "पायाने नोटा मोजता येत नाहीत" हा विनोद मी त्या शाखेत चार वर्षांत निदान दोनशे वेळा ऐकला. ते प्रत्येक वेळी हसत. बँकेच्या संघातून पंधरा वर्षं खेळले होते. नाव पेपरात एकदाच आलं, तेही शुद्धलेखनाच्या चुकीसकट. ते कात्रण पासबुकाच्या प्लॅस्टिक कव्हरात ठेवलेलं होतं. एकदा कॅश जुळत नव्हती म्हणून रात्री साडेआठपर्यंत बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला विंगरला कसं आडवायचं ते समजावून सांगितलं. बॉलकडे बघायचं नाही, त्याच्या कमरेकडे बघायचं. माणूस पायाने फसवतो, कमरेने फसवता येत नाही. काउंटरवर बोगस सह्या घेऊन येणाऱ्या लोकांच्या बाबतीत मला या ज्ञानाचा पुढे फार उपयोग झाला.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शाल-श्रीफळ, समोसा, वेफर्स. सहा जणांची भाषणं झाली. वक्तशीरपणा, मनमिळाऊ स्वभाव, अचूक लेजर. फुटबॉल हा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही. सहावं भाषण माझं होतं.

हे आठवलं, की काकांवर ओरडण्याचा माझा आवाज जरा बसतो. पण मुद्दा बसत नाही. "पस्तिशीनंतर काय?" हा प्रश्न काका विचारणारच, आणि तो खोटा नाही. इंग्लंडातही खालच्या विभागातला खेळाडू वर्षा-दोन वर्षांच्या करारावर असतो. मे महिन्यात "आभारी आहोत" असं पत्र आलं, की पिशवी उचलायची. आपल्याकडे त्यावर स्पोर्ट्स कोटा हे उत्तर होतं: बँक, बंदर, रेल्वे, पोलीस. ते उत्तर आपण हळूहळू पुसत आणलं आणि आता म्हणतो, बघा, खेळात भवितव्य नाही! शिडीच्या खालच्या पायऱ्या आपणच चुलीत घातल्या, वर राहिलेल्या एका पायरीकडे बोट दाखवून पोराला म्हणतो, "उडी मार, नाहीतर अभ्यास कर." आणि आमच्या शाखेत आता येणारी पोरं तरी कुठली पेन्शनीत आहेत? काही तर अकरा महिन्यांच्या करारावर असतात. त्यांच्या लग्नाचं मात्र जमतं.

आता खरी गोष्ट सांगतो. हे काका मागच्याच महिन्यात माझ्याकडे शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला आले होते. कॉलेज इंजिनिअरिंगचं, नाव घेत नाही, मी ते नाव तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. माहितीपत्रकावर मुख्य इमारतीचं चित्र होतं, फोटो नव्हता. चार वर्षांची फी ऐकून माझ्या हातातला चहा निवला. तेव्हा काकांनी विचारलं नाही, की हे कॉलेज कितव्या डिव्हिजनातलं. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाला कोण महिन्याला पैसे देतं, हेही नाही. फुटबॉलचा क्लब खालचा असला तरी निदान पैसे देत होता. हे वरचं कॉलेज घेत होतं.

रात्री दोन वाजता हा मुद्दा सुचला तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो. सकाळी गडग्यापाशी जाऊन तोंडावर सांगायचं ठरवलं. पण सकाळी काका दिसले नाहीत. दिसले ते चार दिवसांनी, माझ्या काउंटरवर, मुलाला घेऊन.

"खाता उघडूचा आसा. तेच्या नावान."

"शिक्षणाच्या कर्जाचा?"

"नाय रे. पगार जमा होवचो आसा म्हणता. मिनिमम बॅलन्स कितको ठेवूक लागता?"

"पण तुम्ही तर..."

"तेच्या आवशीन सांगल्यान," काका म्हणाले आणि विषय संपवला.

मी फॉर्म दिला. नाव, पत्ता, जन्मतारीख, आधार, पॅन, सगळं काकाच भरत होते, मुलगा बाजूला उभा राहून छताच्या पंख्याकडे बघत होता. 'व्यवसाय' या रकान्यापाशी येऊन पेन थांबलं. काकांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे वाकले.

"फुटबॉल लिवलेला चालता काय रे?"

"चालता."

"आणि डिव्हिजन?"

"त्याचो रकानोच नाय, काका."